तेरा मार्चची कँडल, चोवीस मार्चची कँडल

शेअर बाजाराचा चार्ट काही रेडिओवरून दाखवता येत नाही, तेव्हा तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. एका दिवसाची एक कँडल. बाजार कुठे उघडला आणि कुठे बंद झाला, यांच्यामधला जाड भाग म्हणजे तिची बॉडी. बंद वर झाला तर हिरवी, खाली झाला तर लाल. दिवसाचा उच्चांक-नीचांक दाखवणाऱ्या वरखालच्या बारीक रेघांना विक म्हणतात. पद्धत मूळची जपानी, तांदळाच्या व्यापारातून आलेली.

पडता बाजार वळायला लागला की कँडल आधी सांगते, असं म्हणतात. सांगते खरी, पण काय सांगते ते २०२० च्या मार्चमध्ये पाहू.

१३ मार्च, शुक्रवार. निफ्टी निर्देशांक उघडताच कोसळला, घसरणीची ठरलेली मर्यादा गाठून लोअर सर्किट लागलं, व्यवहार पाऊण तास थांबले. तळ ८,५५५. आणि संध्याकाळी बंद? ९,९५५! खाली लांबलचक विक, वर भरघोस हिरवी बॉडी. विक्रीवाले दमले, खरेदीवाले उतरले, असंच कुणीही वाचलं असतं. सोमवारी बाजार पुन्हा साडेसातशे अंकांनी पडला. १८ तारखेला ८,५५५ चा तळही तुटला.

२३ मार्चला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के घसरला. २४ ची कँडल मात्र किरकोळ दिसते. उघडला ७,८४८ ला, खाली ७,५११ पर्यंत गेला, वर ८,०३६ ला जाऊन आला आणि बंद ७,८०१. दिवसभर सव्वापाचशे अंकांची झटापट आणि बॉडी पन्नासचीही नाही. डोजी, म्हणजे जवळपास बॉडीच नसलेली कँडल, तिच्या जवळची ही. त्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. बातमी इतकी वाईट, तरी दुसऱ्या दिवशी बाजार ८,३१७ वर बंद झाला. आदल्या दिवसाची लाल बॉडी हिरवीने अख्खी गिळली. याला बुलिश एन्गल्फिंग म्हणतात. ७,५११ हा तळ पुढे तुटला नाही.

दिसायला १३ तारखेची कँडल कितीतरी रुबाबदार होती. फरक पडला तो पुढच्या दिवसांनी. म्हणून मला कँडलच्या नावापेक्षा तिचा तळ महत्त्वाचा वाटतो. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकून बाहेर पडायचा भाव, त्या तळाच्या खाली लावायचा. तो तुटला की आपलं वाचन चुकलं, विषय संपला. आणखी एक. दुपारी दोनला दिसणारा हॅमर, म्हणजे वर छोटी बॉडी आणि खाली लांब विक असलेली कँडल, साडेतीनला बाजार बंद होईपर्यंत हॅमर राहीलच असं नाही. घाईवाल्यांचे पैसे तिथेच जातात.

घरी चार्ट असेल तर तो महिना उघडा, १३ मार्चच्या उजवीकडचं सगळं कागदाने झाका आणि तेव्हा काय केलं असतं ते आधी लिहून ठेवा. मग कागद एकेक दिवस सरकवा.