मोटरबोटीचं सुकाणू

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीच्या मंडळींना अडाण नदी परकी नाही. पुराच्या वेळी बचाव पथकं वापरतात ती रबरी मोटरबोट कशी चालते, ते आज पाहू.

या बोटीला बहुधा गाडीसारखं चाक नसतं. मागे इंजीन आणि त्यालाच जोडलेला दांडा, हेच सुकाणू. दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं तोंड उजवीकडे वळतं. नवखा माणूस इथेच गोंधळतो. शिवाय वळताना बोटीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. काठाजवळ किंवा झाडाजवळ वळताना आधी मागे पाहावं.

दांड्याची मूठ पिळली की वेग वाढतो. गिअरच्या जागा तीन: पुढे, न्यूट्रल, मागे. इंजीन न्यूट्रलमध्येच सुरू करायचं. पुढून मागे जाताना वेग पूर्ण कमी करून न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबायचं, नाहीतर गिअर तुटतात. बोटीला ब्रेक नसतो, आणि इंजिनाचा पाण्यातला पंखा थांबला की दांडा फिरवूनही ती नीट वळत नाही.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे इंजिनाची लाल सुरक्षा-दोरी. तिचं एक टोक इंजीन बंद करणाऱ्या बटणाला, दुसरं चालकाच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला. चालक पाण्यात पडला की दोरी ओढली जाऊन इंजीन बंद पडतं. ती न अडकवता कुणीही निघू नये.

बुडणाऱ्याकडे शक्यतो खालच्या अंगाने, प्रवाहाला तोंड देत जावं. त्याला आत ओढताना मात्र न्यूट्रलवर विसंबू नये, इंजीन बंदच करावं.