जहाजावरचे नियम आणि जहाजावरचा माणूस



मी सिद्धगडाच्या मुलखातला माणूस. मुरबाड तालुक्यातला हा डोंगर बहुतेकांना ठाऊक आहे तो भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्यामुळं. २ जानेवारी १९४३ रोजी ते इथं हुतात्मा झाले. आमच्याकडं समुद्र नाही. भाताची खाचरं आहेत, सागाची रानं आहेत आणि पावसाळ्यात डोंगरावरून कोसळणारं पाणी आहे. हे पाणी मात्र उल्हासच्या खोऱ्यातून कल्याणच्या खाडीला जातं आणि वसईला समुद्राला मिळतं. आमची माणसंही त्याच वाटेनं गेली. माझी बहीण कल्याणला दिली. तिचे सासरे बोटीवर सारंग होते आणि तिचा मुलगा आज एका मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. तेव्हा कविता लिहिणारा माणूस आज जहाजांवर का बोलतो आहे, याचं नवल वाटू देऊ नका.

तसं पाहिलं तर शब्दांच्या वाटेनंही मी समुद्राला जवळचाच आहे. आपण 'बंदर' म्हणतो तो शब्द फारसी. कोळीवाड्यातला 'नाखवा' हा मूळचा फारसी 'नाखुदा', म्हणजे नौकेचा धनी. 'मोसम' अरबी. हे शब्द माल आणि माणसांबरोबर गलबतांतून आले आणि आपल्या भाषेत असे मुरले, की आता कुणी त्यांना परके म्हणणार नाही.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच इथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. जहाज म्हटलं की लाकूड आलं आणि लाकूड म्हटलं की रान आलं. या बाबतीत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त जे सांगून ठेवलं आहे, ते मला आजच्या विषयाचं मूळ वाटतं. त्याचा आशय असा. आरमारासाठी सागासारखी झाडं लागतील ती परवानगीनं तोडावीत, कमी पडतील ती बाहेरून विकत आणावीत. आंबा, फणस ही झाडंही आरमाराच्या उपयोगाची आहेत, पण त्यांना हात लावू नये. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करावं, मोबदला द्यावा आणि मगच तोडावं. जबरदस्ती करू नये.

जहाजासाठी पर्यावरणाचा नियम तर तो आहेच. पण ज्याच्यावर त्या नियमाचा भार पडणार, त्या माणसाचाही विचार त्याच कलमात आहे. आजच्या जहाजांकडं पाहताना मला हेच तपासावंसं वाटतं.

जगातला ८० टक्क्यांहून अधिक व्यापारी माल समुद्रमार्गे जातो. आपल्या देशाच्या परदेशी व्यापारात तर वजनाच्या हिशेबानं हे प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे. हा माल वाहणाऱ्या जहाजाचा मालक ग्रीसमधला असू शकतो, झेंडा पनामाचा, खलाशी रत्नागिरीचा आणि जहाजाचा सगळा कारभार बघणारी कंपनी मुंबईत पवईला नाहीतर अंधेरीला. याला 'शिप मॅनेजमेंट' म्हणतात. खलाशांची भरती, दुरुस्ती, सुटे भाग, इंधनाचा हिशेब, तपासण्या हे सारं त्या कचेरीतून चालतं.

या मंडळींपुढं गेल्या काही वर्षांत नियमांचा डोंगर उभा राहिला आहे. आणि हे नियम उगाच आलेले नाहीत, हे आधी सांगितलं पाहिजे. मोठी जहाजं वर्षानुवर्षं डांबरासारखं जड तेल जाळत आली. त्यातल्या गंधकाचा धूर बंदराशेजारच्या वस्त्यांच्या छातीत जात होता. लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. ज्यांना जुनंच तेल वापरायचं, त्यांनी धुराड्यात धूर धुण्याचं यंत्र बसवायचं.

दुसरी गोष्ट पाण्याची. रिकामं जहाज डगमगू नये म्हणून त्याच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात आणि माल घेताना दुसऱ्या बंदरात ते सोडतात. त्या पाण्याबरोबर परमुलखातले जीवही येतात. उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत १९८० च्या दशकात असेच चिमुकले शिंपले आले आणि त्यांनी पाण्याचे नळ बुजवून टाकले. यावरचा करार २००४ साली झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून तो अमलात आला. त्याची पूर्वतयारी म्हणून जो जागतिक अभ्यास झाला, त्यात मुंबई आणि न्हावा-शेवा ही बंदरं होती. आता हे पाणी सोडण्यापूर्वी जहाजावरच शुद्ध करावं लागतं.

तिसरा नियम कार्बनचा. १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या जहाजांना शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी श्रेणी मिळते, 'ए' ते 'ई'. ढोबळमानानं सांगायचं तर किती माल वाहण्याची ताकद आहे, किती अंतर कापलं आणि त्यासाठी किती कार्बन हवेत सोडला, याचं ते गणित. आता गंमत पाहा. बंदरात जागा नाही म्हणून जहाज बाहेर आठ दिवस नांगर टाकून उभं राहिलं, तर अंतर शून्य; पण वीज लागते, यंत्रं चालतात, तेल जळतंच. श्रेणी घसरते. कप्तानाचा यात काय दोष? शिवाय जहाज पंचवीस-पंचवीस वर्षं चालवायचं असतं. पुढं कुठलं इंधन चालणार, कार्बनवर किती कर बसणार, हे ठरल्याशिवाय नवं जहाज कुठलं बांधायचं? सगळ्या जगासाठीची तशी चौकट ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनला मंजूर व्हायची होती. तो निर्णय वर्षभर पुढं ढकलला गेला. युरोपनं मात्र २०२४ पासूनच आपल्या बंदरांत येणाऱ्या जहाजांकडून कार्बनचे पैसे घ्यायला सुरुवात केली आहे.

आता संगणकाकडं वळू. पूर्वी जहाजावरून रोज दुपारी एक संदेश जाई: कुठं आहोत, किती मैल आलो, किती तेल जळलं. बाकी दिवसभर कप्तान आणि समुद्र. आज इंजिनावरची यंत्रं मिनिटामिनिटाला किनाऱ्यावर आकडे पाठवतात. कागदी नकाशांची जागा पडद्यानं घेतली. याचे फायदे मोठे आहेत. वादळ टाळता येतं, तेल वाचतं, बिघाड आधी कळतो. पण २७ जून २०१७ ला काय झालं ते आठवून पाहा. एका संगणकी विषाणूनं मर्स्क या जगातल्या बलाढ्य कंपनीचे संगणक बंद पाडले आणि त्याच गटाचं न्हावा-शेव्याचं टर्मिनलही ठप्प झालं. कुठला कंटेनर कुणाचा, हे सांगणारा पडदाच काळा झाला. कंपनीनं आपलं नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचं जाहीर केलं. पुढं २०२१ पासून अशा हल्ल्यांपासून बचावाची तयारी हीसुद्धा जहाजाच्या सुरक्षाव्यवस्थेचा भाग झाली. म्हणजे आणखी एक नियम, आणखी एक वही.

या सगळ्या वह्या भरतं कोण? माझा भाचा मध्यरात्री बारा ते चार पहाऱ्यावर असतो आणि पुन्हा दुपारी बारा ते चार. मधल्या वेळात पडद्यावरचे नकाशे अद्ययावत करायचे, याद्या भरायच्या, बंदरात तपासनीस आले की त्यांच्यासोबत फिरायचं. तो मला म्हणाला, "मामू, कचेरीतून दिवसाला चाळीस मेल येतात. प्रत्येकाला वाटतं, आपला एकच आहे." आंतरराष्ट्रीय करार सांगतो, की खलाशाला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. भारतानं हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. पण स्वीडनमधल्या जागतिक सागरी विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात दिसलं, की विश्रांतीच्या नोंदी अनेकदा नियमात बसतील अशा 'जुळवल्या' जातात. धुराचा हिशेब चोख ठेवायचा म्हणून झोपेचा हिशेब खोटा ठेवायचा, असा हा सौदा आहे.

तो किती महाग पडू शकतो? २५ जुलै २०२० ला 'वाकाशियो' नावाचं जपानी मालकीचं जहाज मॉरिशसच्या प्रवाळांवर चढलं. सुमारे १००० टन तेल त्या निळ्या पाण्यात गेलं. कप्तान भारतीय होते. त्यांना तुरुंगवास झाला. जहाज भाड्यानं घेणाऱ्या कंपनीनं पुढं चौकशीअंती सांगितलं, की किनाऱ्याजवळ जाण्यामागं मोबाइलचं सिग्नल मिळवण्याचा हेतू होता. त्या किनाऱ्याचा पुरेसा तपशीलवार नकाशाही जवळ नव्हता. निष्काळजीपणा झाला, यात शंका नाही. पण करोनाचे ते दिवस आठवा. हजारो खलाशी करार संपूनही महिनोन्महिने जहाजावर अडकून पडले होते. ज्या जहाजाचे आकडे जगभर जाऊ शकतात, त्या जहाजावरच्या माणसाला घरच्यांचा आवाज ऐकायला किनारा जवळ करावासा वाटतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

चांगली बातमी अशी, की त्यातून जग थोडं शिकलं. २३ डिसेंबर २०२४ पासून शक्य तिथं खलाशांना घराशी बोलण्यासाठी इंटरनेटची सोय देणं, हे जहाजमालकाचं कर्तव्य ठरलं आहे. माझ्या बहिणीच्या लेखी कार्बन, गंधक यांच्यापेक्षा हा नियम मोठा. मुलाचा चेहरा फोनवर दिसला, की ती फक्त एवढंच विचारते, "झोपलास का?"

मला वाटतं, पवईच्या कचेरीनं आणि लंडनच्या सभागृहानंही प्रत्येक नवा नियम लिहिताना हा प्रश्न विचारावा. भीमाशंकरचं रान १९८५ मध्ये अभयारण्य झालं, तेव्हापासून डोंगरातल्या आमच्या लोकांना एक गोष्ट चांगली कळली आहे. रान राखलंच पाहिजे; पण लांबून आलेल्या नियमाचा भार सगळ्यात आधी तळच्या माणसाच्या डोक्यावर येतो. समुद्रावरही तसंच आहे. धूर कमी व्हावा, पाणी स्वच्छ राहावं, पडदे अधिक हुशार व्हावेत, हे सगळं हवंच आहे. त्यासाठी जहाजावर दोन माणसं वाढवावी लागली, तर तो खर्च मालाच्या भाड्यात धरावा आणि तो आपण ग्राहकांनी द्यावा. आपल्या घरातला टीव्ही आणि आपल्या गाडीतलं तेल याच जहाजांनी आणलेलं आहे. आंब्याच्या झाडाचा मोबदला त्याच्या धन्याला द्या, असं आपल्याकडं तीनशे वर्षांपूर्वी सांगितलं गेलं होतं. खलाशाच्या झोपेचा मोबदला देण्याइतके आपण आज नक्कीच सधन आहोत.