तेवीस चिठ्ठ्या

(वस्तीतल्या अभ्यासिकेत नववी-दहावीच्या मुलामुलींपुढे केलेलं भाषण)



मला वक्ता म्हणून बोलावलंय, पण मी वक्ता-बिक्ता नाही. गोदीत काम करतो. रात्रपाळी करून सकाळी खोलीवर आलो, चार तास झोपलो, आंघोळ केली आणि इथं आलो. शिक्षण दहावी. कविता लिहितो. पण कविता लिहितो म्हणून मला शहाणा समजू नका. आमचा मुकादम मला विचारतो, "काय कवी, शब्दानं गोण उचलते का?" बरोबरच विचारतो. नाही उचलत.

मागच्या रविवारी मी तुमच्याकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या. नाव घालायचं नाही, अशी अट होती. प्रश्न तीन. कोण व्हायचंय? काय आवडतं? आणि डोक्यात काय जातं? तेवीस चिठ्ठ्या आल्या. गोदीत जेवणाच्या सुट्टीत टोळीला वाचून दाखवल्या. माणसं पोट धरून हसली. मग एकदम गप्प झाली. का, ते पुढं सांगतो.

आधी हिशोब. पोलीस सात, नर्स चार, इंजिनियर तीन, डॉक्टर दोन, कलेक्टर दोन. वकील एक, क्रिकेटर एक, युट्यूबर एक. आणि एक बहाद्दर बेंजो पार्टीचा मालक होणार आहे. त्याला माझा वेगळा जय भीम. झाले बावीस. तेविसावी चिठ्ठी मी खिशात ठेवलीय.

खरं सांगू? पहिल्या प्रश्नाला तुम्ही परीक्षेतलं उत्तर दिलंय. मीही तसंच दिलं होतं. शाळेत आम्हाला निबंध असायचा, 'मी कोण होणार?' गाईडात छापलेलं होतं की मी डॉक्टर होऊन खेड्यात जाईन आणि गोरगरिबांची सेवा करीन. सगळ्या वर्गानं तेच उतरवलं. त्या वर्षी आमच्या एका वर्गातून बेचाळीस डॉक्टर खेड्याकडे निघाले होते. एकही पोचला नाही. पुढच्या परीक्षेला मी खरं लिहिलं, मला क्रेनच्या केबिनमध्ये बसायचंय, तिथून समुद्र दिसतो. दहापैकी दोन मार्क मिळाले. शेरा होता, 'विषयाला धरून नाही.'

दुसऱ्या प्रश्नात तुम्ही जरा मोकळे झालात. कबड्डी. चित्रं काढणं. आई झोपल्यावर तिच्या मोबाईलवर पिक्चर बघणं. एकानं लिहिलंय, बंद पडलेली घड्याळं उघडून बघायला आवडतात. त्याच चिठ्ठीत वर काय लिहिलंय? पोलीस. बाबा रे, पोलीस हो, बेलाशक हो. पण घड्याळ उघडणारा हात तुझा आहे आणि पोलीस हा शब्द घरातल्या कुणाचा तरी आहे, एवढं ध्यानात ठेव.

आणि तिसरा प्रश्न! तिथं प्रत्येक जण स्वतःच्या भाषेत बोललाय. ऐका.

'माझ्या कंपासमधलं कर्कटक नेतात आणि टोक मोडून परत देतात.'

'काहीच अभ्यास नाही झाला असं म्हणणारी मैत्रीण. नंतर पंच्याऐंशी टक्के.'

'पी.टी.च्या तासाला गणिताचे सर येतात.'

'जे काका स्वतः नववी नापास आहेत ते मला टक्के विचारतात.'

'पेपरच्या आदल्या रात्री हळद असते आणि डीजे आमच्याच खिडकीखाली असतो.'

'सकाळी संडासच्या रांगेत पाठांतर करते, नंबर आला की विसरते.'

'पाहुणे आले की पहिलं माझं दप्तर कॉटखाली जातं, मग मी.'

इथपर्यंत टोळी हसत होती. मग ही चिठ्ठी आली. 'सर वर्गात येऊन म्हणतात, स्कॉलरशिपवाले उभे राहा. आठवड्यातून दोनदा. आता वर्गात सगळ्यांना पाठ झालंय, कोण उभं राहणार. माझे पाय दुखतात.'

टोळी गप्प झाली. पन्नाशीचा एक गडी हातातली भाकरी खाली ठेवून म्हणाला, "आमच्या टायमालाबी उभं करत व्हते रं."

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायचीय. कोण होणार, हे तुम्हाला बाकीचे सांगतात. घर सांगतं, गाईड सांगतं, टीव्ही सांगतो. पण डोक्यात काय जातं, हे कुणी शिकवत नाही. ते तुमचं स्वतःचं असतं. ते हसण्यावारी नेऊ नका. ते वहीत लिहून ठेवा.

पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजाची एक मुलगी होती. मुक्ता साळवे. शाळकरी वयात तिनं निबंध लिहिला. मांग-महारांचं दुःख काय, आमच्या बाया डोक्यावर छप्पर नसताना कशा बाळंत होतात, हे सगळं लिहिलं. १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिच्याजवळ गाईड नव्हतं. डोक्यात जे गेलं तेच तिनं कागदावर आणलं. आज दीडशेहून जास्त वर्षं झाली, तो कागद बोलतोच आहे.

आणि बाबासाहेब. साताऱ्याच्या शाळेत भिवा गोणपाटावर वेगळा बसायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायानं तोटी सोडायची. शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही. त्या पोरानं ही गोष्ट मनात जपली. मुंबईत हायस्कुलात आल्यावर संस्कृत शिकायचं होतं, शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. तरी १९०७ साली मॅट्रिक झाला. मग २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मी विद्वान नाही, पण मला विचाराल तर ती ओंजळ साताऱ्याच्या नळापाशीच तयार व्हायला लागली होती. पोराचा वैताग वाया गेला नाही. त्यानं वैतागाला शिकवलं, मोठं केलं, कायद्यापर्यंत नेलं.

नुसतं वैतागून काही होत नाही, हेही सांगतो. मीच त्याचा पुरावा आहे. दहावी झालो. अकरावीला जातीचा दाखला मागितला. दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. माझा आजा शाळेची पायरी चढला नव्हता, त्याचा पुरावा कुठला? गावी कोतवाल बुकाची नक्कल काढायला गेलो, तर त्या पानाला वाळवी लागलेली. कार्यालयाचं नाव घेत नाही. सहा खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला वेगळा कागद सांगितला. दरम्यान बापाच्या पाठीवर माल पडला. मी चिडलो, फायली फेकल्या, गोदीत शिरलो. माझी चीड खरी होती, पण मी तिला सहाव्या खेपेला सोडून दिलं. सातवी घातली असती तर? हा प्रश्न मला रात्रपाळीत सतावतो.

तुम्ही हे करू नका. पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते. नर्सिंगलाही बारावी लागते. म्हणजे अकरा जणांची गाडी दहावीच्या स्टेशनावर थांबून चालणार नाही. दाखल्याचे कागद आत्ता गोळा करा, निकालाची वाट बघू नका. आज्याचे, पणज्याचे, चुलत आज्याचे, ज्याचे सापडतील त्याचे. शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुक, जुनी नोकरीची नोंद. भारत सरकारची शिष्यवृत्ती मागताना मान खाली घालू नका, ती भीक नाही. आणि सर उभं करतील तेव्हा एकट्यानं उभं राहू नका. सगळे मिळून मुख्याध्यापकांकडं जा, लेखी द्या की नावं वर्गात पुकारू नयेत. कागदाला कागदानंच उत्तर द्यायचं असतं. माझ्यासोबत या अभ्यासिकेतली मोठी पोरं येतील.

आता ती तेविसावी चिठ्ठी. पहिली नजर टाकली तर कोरी आहे. पण मी ती हॅलोजनसमोर धरली. पहिल्या प्रश्नापुढं पेन्सिलीनं एक शब्द लिहून रबरानं खोडलाय. दाबून लिहिलेला, म्हणून वळ राहिलाय. मी तो वाचला. टोळीला सांगितला नाही, इथंही सांगणार नाही. ज्यानं किंवा जिनं लिहिलाय, त्यानं ऐकावं. शब्द चांगला आहे. खोडण्यासारखा त्यात काही नाही. मीही असाच खोडला होता, म्हणून मला खोडलेलं वाचता येतं. पुढच्या रविवारी चिठ्ठ्यांचा हा डबा इथंच ठेवतो. या खेपेला पेनानं लिही.

आणि माझीही चिठ्ठी घ्या, चोविसावी. आवडतं : कविता, आणि भरतीच्या वेळचा समुद्र. व्हायचंय : बारावी पास. यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. डोक्यात काय जातं? अकाउंट्स. ताळेबंद जुळत नाही साला. तुमच्यात कुणाची मोठी बहीण कॉमर्सला असेल तर तिला रविवारी घेऊन या. मी मागच्या बाकावर बसेन.

जय भीम.