शाळेचे अंगण : जीवदयेची पाठशाळा

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)

संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा घेताना वास्तू, देणग्या व उपक्रम यांची मोजदाद होतेच. तथापि, पुढील पिढीच्या हाती काय सोपवायचे, हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. त्याचे एक उत्तर शाळेच्या अंगणातच सापडते.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ या नावाने ती ओळखली गेली. पाने, बिया, शंख-शिंपले हीच तेथील शिक्षणसाधने ठरली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय सक्तीने शिकविण्याचा आदेश दिला. २००१-०२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने राष्ट्रीय हरित सेना ही योजना सुरू केली आणि ठिकठिकाणच्या शाळांतून तिची पथके उभी राहिली.

या अभ्यासाला खर्च जवळजवळ नाही. चार खुंट्या व सुतळी यांनी मैदानात एक मीटर लांबी-रुंदीची चौकट आखावी आणि तिच्यातील प्रत्येक वनस्पती व कीटक वहीत नोंदवावा. नाशिकच्या पावसाळ्यात दूर्वा, टाकळा, आघाडा अशा कितीतरी वनस्पती एका चौकटीत भेटतात. उन्हाळ्यात तीच जागा उजाड दिसते. हा फरक स्वतः मोजलेला विद्यार्थी, चातुर्मासात पाऊल जपून का टाकावे, हे न सांगता जाणतो.

पाठशाळेतील बालके द्वींद्रिय, त्रींद्रिय, चतुरिंद्रिय जीवांची नावे मुखोद्गत म्हणतात. परंतु पाठांतर व परिचय यांत अंतर असते. हातभिंगातून गांडूळ, मुंगी आणि मधमाशी पाहिली की ते अंतर मिटते. मुंगी डोक्यावरील मिशांनी गंध ओळखत चालते, हे डोळ्यांनी पाहणारा बालक तिच्या रांगेवर पाय ठेवणार नाही. अट एकच : कीटक पकडावयाचा नाही, टाचणीने टोचून पेटीत लावावयाचा नाही. पान उलटून पाहावे व पुन्हा जागेवर ठेवावे.

लिंबाची पाने कुरतडलेली दिसताच वडीलधारे औषध फवारतात. त्याच पानांवर फुलपाखराची अळी पोसलेली असते. ‘राणी पाखरू’ या फुलपाखराला महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांचीच पाने खातात. फुलपाखराचे कौतुक आणि अळीचा संहार, ही विसंगती लहान मुलाच्या तत्काळ ध्यानी येते. मोठ्यांच्या येत नाही.

आता कचऱ्याचा विचार. मुलांनी मैदानावरील कचरा गोळा करावा, वेगवेगळा करून तोलावा व दुकानातील रोजमेळाप्रमाणे त्याची नित्य नोंद ठेवावी. बिस्किटांची वेष्टने, वाढदिवसाच्या चॉकलेटचे कागद, नव्या कपड्यावरील पॉलिथिनची पिशवी हे सारे कोठून आले, याचा शोध घेता घेता विद्यार्थी आपल्याच घराच्या व पेढीच्या दाराशी पोहोचतो. चकचकीत वेष्टनात प्लास्टिक व धातूचे थर एकमेकांस चिकटविलेले असतात. ते सहज विलग होत नाहीत आणि मातीत कुजतही नाहीत.

याउलट झाडाचे गळलेले पान हा कचराच नव्हे. त्याखाली ओलावा टिकतो, गांडुळे व असंख्य सूक्ष्म जीव त्याच्या आश्रयाने जगतात आणि कालांतराने त्याची माती होते. सकाळी आवार झाडून पानांचा ढीग पेटविला, तर आवार स्वच्छ दिसते खरे. परंतु त्या अग्नीत किती जीव होरपळले, याची गणना कोण करणार? पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने हा प्रश्न स्वतःला विचारणे अगत्याचे आहे. संपूर्ण अंगणात फरशी बसविली की झाडाच्या मुळांना श्वास व पाणी मिळत नाही, आणि मुलांना पाहावयास एक मुंगीही उरत नाही.

म्हणून या मंगल वर्षी तीन संकल्प सुचवावेसे वाटतात. धर्मस्थाने व शाळा यांच्या आवारात पाने जाळू नयेत. ती झाडाच्या बुंध्याशीच राहू द्यावीत. मातीचा निदान एक पट्टा फरशीविना मोकळा ठेवावा. स्वामीवात्सल्यात स्टीलची ताटे-पेले वापरावेत. २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिकचे पेले व थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातली. परंतु जे कायद्याच्या धाकाने होते, ते व्रत म्हणून झाले तर अधिक शोभेल.

करुणा उपजते ती ओळखीतून. ज्याला पाहिलेच नाही, त्याला जपणार कसे? सुवर्णमहोत्सवानंतरच्या पन्नास वर्षांत संस्थेची धुरा आजची हीच बालके वाहणार आहेत. त्यांच्या हाती एक हातभिंग, एक वही आणि मोकळ्या मातीचा एक तुकडा देणे, ही संस्थेची सर्वांत अल्पखर्ची व चिरस्थायी देणगी ठरेल.

जय जिनेंद्र!