दोन गेज आणि एक रूळ
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



रूळ मोजणारा माणूस मनाच्या आजारावर काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. त्याला कारण घडले. माझ्या हाताखालच्या एका सहकाऱ्याला कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले. एका डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, दुसऱ्यांनी बायपोलर. त्याची पत्नी मला म्हणाली, "साहेब, यातलं खरं कोणतं?" मला उत्तर देता आले नाही. मग वाचायला लागलो. आज जे बोलतो आहे ते त्या दोघांच्या परवानगीने.

आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. दोघांनी एकाच जागी गेज लावला आणि माप सारखे आले, तर मोजणी विश्वसनीय. पण दोन्ही गेज एकाच चुकीच्या साच्यावरून बनले असतील तर? मापे जुळतील आणि तरीही चुकतील. जुळणे ही विश्वसनीयता, खरे असणे ही वैधता. आमच्याकडे गेज तपासायला प्रमाण माप असते. स्किझोफ्रेनियाचे निदान पक्के करणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन मात्र नाही. डॉक्टरांना बोलणे, वागणे आणि घरच्यांची हकीकत यांवरूनच ठरवावे लागते.

पूर्वी मापेही जुळत नव्हती. न्यूयॉर्कचे डॉक्टर लंडनच्या मानाने कितीतरी जास्त रुग्णांना स्किझोफ्रेनिया म्हणत. संशोधकांनी दोन्ही शहरांतले रुग्ण एकाच पद्धतीने तपासले, तेव्हा हा फरक बहुतेक नाहीसा झाला. हे १९७२ साली प्रसिद्ध झाले. फरक मुख्यतः रुग्णांत नव्हता, गेजमध्ये होता.

म्हणून १९८० साली अमेरिकेच्या डीएसएम-३ या पुस्तिकेने लक्षणांची ठरावीक यादी दिली. जुळणी सुधारली, पण पूर्ण झाली नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ च्या चाचण्यांत दोन डॉक्टरांच्या मतांची जुळणी स्किझोफ्रेनियासाठी ०.४६ आली. या मापात शून्य म्हणजे निव्वळ योगायोग आणि एक म्हणजे संपूर्ण एकमत.

आता वैधता पाहा. डीएसएम म्हणते, आजाराची चिन्हे सहा महिने हवीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीला एक महिना पुरतो. म्हणजे तिसऱ्या महिन्यात तोच माणूस एका पुस्तकात बसतो, दुसऱ्यात बसत नाही. दोन्ही पुस्तके काटेकोर. पण सीमा माणसांनी आखलेली.

आपल्या आग्र्याचाही यात वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ देशांत १,२०२ रुग्णांचा अभ्यास सुरू केला. त्यातले भारतातले केंद्र आग्रा होते. एकाच पद्धतीने तपासल्यावर सगळीकडे सारख्या लक्षणांचे रुग्ण सापडले. पण पुढे पाहिले, तर आग्रा आणि नायजेरियातील इबादान इथले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा एकंदरीत बरे निघाले. नाव एक, वाटचाल वेगळी! नुसत्या नावावरून माणसाचे पुढे काय होईल हे सांगता येत नाही.

याचा अर्थ आजार खोटा, असा कोणी काढू नये. आवाज खरेच ऐकू येतात, हाल खरेच होतात. नावाबद्दल मतभेद असले तरी उपचार थांबवायचे नसतात. काही औषधे तर दोन्ही आजारांत वापरतात. आपण घरच्यांनी झोप, जेवण, बोलणे यांतले बदल तारखेसह वहीत लिहावेत, जुने कागद जपावेत, शंका आली तर दुसरे मत घ्यावे, पण औषध परस्पर बंद करू नये. कोणाशी बोलायचे असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

त्या बाईंना मी शेवटी एवढेच सांगितले, "वहिनी, नाव कदाचित बदलेल. वही चालू ठेवा." ती वही पाहूनच डॉक्टरांनी पुढे उपचार बसवले. तो आता कामावर येतो. कॉलनीत मात्र काही जण अजून त्याला जुन्या नावानेच ओळखतात. आज तो याच मांडवात बसला आहे. कोण, ते विचारू नका. आरतीला शेजारी उभा राहील, तेव्हा नेहमीसारखे टाळ हातात द्या.

गणपती बाप्पा मोरया!