नाक्यावर ‘तातडी’ कोण ठरवणार?



कोरोनाचा काळ म्हटला की आपल्याला ऑक्सिजन आणि बेड आठवतात. मला आज ज्यांना कोरोना झालाच नव्हता, त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणारे, टीबीचा कोर्स चालू असलेले, शुगर-बीपीच्या गोळ्यांवर जगणारे.

मी बडोद्यात राज्यशास्त्र शिकते. सीमेवरचं नवापूर स्टेशन तुम्हाला माहीत असेल. दोन राज्यांची हद्द या स्टेशनातूनच जाते. नंदुरबारकडची माणसं दवाखान्यासाठी सुरतेला, बडोद्याला येतात. जवळचा दवाखाना तो आपला, एवढा साधा हिशोब. 22 मार्च 2020 ला रेल्वेने प्रवासी गाड्या थांबवल्या, मग नाके बंद झाले आणि हा हिशोब मोडला.

माझी मावशी त्याच भागातली. शुगरची पेशंट, डॉक्टर बडोद्यात. टेलिमेडिसिनचे नियम 25 मार्चला आले होते, त्यामुळे गोळ्या फोनवर लिहून मिळाल्या. पण पायाची जखम फोनवर कोण बघणार? जखम छोटी होती, दुखत नव्हती. शुगरमध्ये पायाची जाणीव कमी होते, म्हणूनच ती धोक्याची. नाक्यावर विचारलं, “इमर्जन्सी आहे का?” मावशी खरं ते बोलली, “नाही हो, महिन्याची तपासणी आहे.” तिथूनच परत पाठवलं. जूनमध्ये पायाचं बोट काढावं लागलं.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. कर्नाटकाने केरळच्या कासरगोडहून मंगळूरला जाणारे रस्ते अडवले. तिथले लोक वर्षानुवर्षं मंगळूरलाच उपचार घेतात. 1 एप्रिल 2020 ला केरळ उच्च न्यायालयाने उपचारासाठी जाणाऱ्यांचे रस्ते मोकळे करण्याचे आदेश दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 7 एप्रिलला केंद्राने सांगितलं, तलपाडी नाक्यावरून रुग्ण सोडण्याची पद्धत ठरली आहे. पण कुणासाठी? ‘तातडीच्या’ उपचारांसाठी.

माझा आक्षेप याच शब्दाला आहे. चुकलेली तपासणी हीच उद्याची तातडी असते.

आता राज्यघटना बघा. सातव्या अनुसूचीत रुग्णालयं राज्यांकडे आहेत, पण आंतरराज्य क्वारंटाइन केंद्राच्या सूचीत आहे, नोंद 81. म्हणजे दोन राज्यांमधला रस्ता रुग्णाला बंद होत असेल, तर ‘तो राज्यांचा प्रश्न’ म्हणून केंद्राला हात झटकता येत नाहीत. 14 एप्रिल 2020 ला आरोग्य मंत्रालयाने अत्यावश्यक आरोग्यसेवा चालू ठेवायच्या सूचना दिल्या. चांगलंच झालं. पण दवाखाना उघडा आणि रस्ता बंद, तर पेशंटने करायचं काय?

म्हणून मागणी साधी आहे. पुन्हा कधी नाके बंद करायची वेळ आलीच, तर चालू उपचारांचा केसपेपर हाच पास मानावा. तपासणी करा, मास्क लावा, नाव लिहून घ्या. पण माणसाला जाऊ द्या. आणि तातडी आहे की नाही, हे डॉक्टर ठरवेल. बॅरिकेडवरचा शिपाई नाही.

साथ नसताना हे लिहून घेतलं पाहिजे. साथ आल्यावर कुणी ऐकत नाही.