सेवेलाही पच्चक्खाण हवे



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी पन्नास वर्षांचा जमाखर्च मांडणे हे तुलनेने सोपे काम असते. खातेवह्या असतात, पावत्यांच्या स्थळप्रती असतात, लेखापरीक्षकांचे अहवाल असतात, आणि दात्यांची नावे तर संगमरवरात कोरलेलीच असतात. परंतु या पन्नास वर्षांत आयंबिल शाळेत भल्या पहाटे शेगडीपाशी कोण उभे राहिले, स्वामीवात्सल्याच्या पंगतीत कोणी वाढले, ग्लान साध्वीजींच्या औषधासाठी रात्री कोण धावले, याची नोंद बहुतेक ट्रस्टांच्या दप्तरी सापडत नाही. रुपयाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या व्यापारी समाजाने माणसाच्या वेळेचा हिशेब मात्र ठेवलेला नाही. "हल्ली तरुण येत नाहीत" ही तक्रार आज प्रत्येक संघाच्या सभेत ऐकू येते. तिचा विचार करताना आधी या कोऱ्या पानाकडे पाहिले पाहिजे.

आपल्या धर्मात सेवेचे स्थान कोठे आहे? उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सहा आभ्यंतर तपे सांगितली आहेत. प्रायश्चित्त आणि विनय यांच्यानंतर तेथे वैयावृत्त्य येते, आणि स्वाध्यायही त्याच्या मागून येतो. ज्यांची सेवा करावयाची अशांचे दहा प्रकारही त्याच ग्रंथात गणले आहेत. त्यांत आचार्य आणि उपाध्याय आहेत, तसेच नवदीक्षित शैक्ष आहेत आणि रोगाने पीडित ग्लानही आहेत. म्हणजे सेवा हे तप आहे. फावल्या वेळेचे काम म्हणून शास्त्रकारांनी तिच्याकडे पाहिलेले नाही. नंदिषेण मुनींची कथा लहानथोरांना ठाऊक आहे. पारण्याची वेळ झाली असता रुग्ण साधूचे बोलावणे आले आणि ते तसेच उठले. त्या साधूने केलेली निर्भर्त्सना व अंगावर झालेली घाण सहन करीत त्यांनी त्याला खांद्यावरून वाहून नेले. तो साधू म्हणजे परीक्षेसाठी आलेला देव होता, हे त्यांना ठाऊक नव्हते.

आता तप म्हटले की पच्चक्खाण आले. नवकारसी घेणाऱ्याला सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, मुखात काही घालावयाचे नाही हे ठाऊक असते. पोरिसी एका प्रहराची. एकासणात एकदाच बसून जेवावयाचे. काय सोडावयाचे आणि कोठपर्यंत, हे उच्चारल्याखेरीज तप सुरू होत नाही, आणि मुदत संपली की ते पारून माणूस मोकळा होतो. "जमेल तेव्हा, जमेल तितका उपवास करा" असे कोणी गुरुमहाराज सांगत नाहीत. संस्थांचे पदाधिकारी मात्र सेवेच्या बाबतीत नेमके हेच सांगतात. पर्युषणाच्या व्याख्यानानंतर ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते की ज्यांना सेवा द्यावयाची असेल त्यांनी कार्यालयात नावे द्यावीत. कोणती सेवा, किती तास, कोणाच्या हाताखाली, कोणत्या तारखेपर्यंत, यांपैकी एकही गोष्ट सांगितली जात नाही. जो नाव देतो त्याला पहिल्या दिवशी खुर्च्या उचलावयास लावतात, दुसऱ्या दिवशी कोणी विचारीत नाही, आणि तिसऱ्या दिवशी एकाच वेळी चार विश्वस्त चार कामे सांगतात. तो चौथ्या दिवशी आला नाही, तर त्यात नवल काय?

याच तरुणांचे दुसरे चित्र पहाटेच्या महामार्गावर दिसते. पादविहारी साधू-साध्वींना वाहनाचा त्याग असतो. अंधुक उजेडात, भरधाव मालमोटारींच्या बाजूने त्यांना चालावे लागते, आणि अशा विहारात अपघाताने कालधर्म पावलेल्या पूज्यांच्या वार्तांनी संघ वेळोवेळी हळहळला आहे. या चिंतेतून गावोगावी विहार सेवेचे गट उभे राहिले. चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला एक तरुण पुढे, एक मागे, हातात बॅटरी आणि झेंडी. दुकानात किंवा महाविद्यालयात जाणारी ही मुले पहाटे चारला उठतात, सात-आठ किलोमीटर चालतात आणि परतून आपापल्या कामाला लागतात. त्यांना कोणी मानधन देत नाही. त्यांच्यात भक्ती अधिक आणि इतरांत कमी, असे समजणे अन्यायाचे होईल. अनेकदा ट्रस्टच्या सभेला न फिरकणारी आणि विहाराला न चुकणारी मुले एकच असतात. विहार सेवेला आरंभ आहे, अंत आहे. या उपाश्रयापासून त्या स्थानकापर्यंत. तेथे पुढच्या गावचा संघ उभा असतो, जबाबदारी त्याच्या हाती जाते आणि मुलगा घरी येतो. काम का करावयाचे हे त्याला डोळ्यांसमोर दिसते, आणि आपण गेलो नाही तर काय होऊ शकते हेही दिसते. हे पच्चक्खाणच झाले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण याच अंगाने पाहण्यासारखे आहे. कुंभोज येथे 1887 साली जैन कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने 1919 मध्ये कराडजवळील काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, 1924 मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे सर्वश्रुत आहे. पण सर्वांनाच लक्ष्मीबाई होता येत नाही, हेही भाऊरावांनी ओळखले होते. त्यांनी गृहिणींकडे मागितले ते रोजचे मूठभर धान्य. गरिबातील गरीब घरालाही ती मूठ परवडत होती. दान लहान असले तरी रोजचे होते, आणि देणाऱ्या माउलीला आपली मूठ कोणाच्या ताटात पडते हे ठाऊक होते. वसतिगृहातील मुलेही श्रम करूनच शिकत. त्यांतील काही पुढे संस्थेचे आजीव सेवक झाले. आजन्म सेवेचे व्रत फार थोड्यांना पेलते. मुठीपासून व्रतापर्यंतच्या साऱ्या पायऱ्या संस्थेत असाव्या लागतात. बहुतेक ट्रस्टांत एकतर जन्मभराचे विश्वस्तपद असते, नाहीतर एका दिवसाची खुर्च्यांची उचलाउचल.

सेवेला मुदत असावी हे खरे, परंतु प्रत्येक कामाची मुदत वेगळी असते. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा मदतीला गेलेल्यांची संख्या अगणित होती. अन्न, कपडे, औषधे पोहोचली; काही आठवड्यांत माणसे परतली, आणि ते स्वाभाविकच होते. शांतिलालजी मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. मूल शिकवून उभे करणे हे आठवड्यांचे काम नव्हे. त्यासाठी वाघोलीचे संकुल लागते, शिक्षक लागतात, गृहपाल लागतात, वर्षानुवर्षांची पगारी माणसे लागतात. स्वयंसेवकाच्या उमाळ्यावर अशी रोजची जबाबदारी टाकणे हा त्याच्यावर आणि मुलांवरही अन्याय ठरतो. मुनीमजींचे काम मुनीमजींनी करावे, त्याचा योग्य पगार त्यांना मिळावा. फुकट होते म्हणून ते सेवाभावी मुलाच्या गळ्यात घालू नये.

पैशाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. पहिली अशी की, सेवा करणाऱ्याला पदरचे भाडे खर्चावे लागू नये. सधन घरातील मुलाला रिक्षाचे पैसे जाणवत नाहीत. नोकरदार साधर्मिकाच्या मुलाला जाणवतात, आणि तो कारण न सांगता यावयाचा थांबतो. दुसरी, भंडार मोजताना किंवा पावत्या फाडताना नेहमी दोघे असावेत आणि रकमेखाली दोघांच्या सह्या असाव्यात. कित्येकांना हा अविश्वास वाटतो. वास्तविक तो सेवकाच्या अब्रूचा विमा आहे. एकट्याने मोजलेल्या रकमेत शंभर रुपयांचा फरक निघाला, आणि कोणी काही बोलले नाही तरी नजरा बदलल्या, की तो माणूस संस्थेच्या पायऱ्या पुन्हा चढत नाही.

मानसन्मानाचा विषय नाजूक आहे. चढाव्याची बोली बोलणाऱ्याचे कौतुक व्हावेच, त्यावाचून मंदिरे उभी राहिली नसती. मात्र शालश्रीफळाच्या यादीत दात्यांनंतर जागा उरली तर कार्यकर्ते, हा क्रम केव्हातरी बदलला पाहिजे. महिला मंडळाच्या बाबतीत तर अधिकच. पाठशाळा त्यांनी चालवावी, तपस्व्यांची पारणी त्यांनी सांभाळावी, आणि विश्वस्त मंडळाच्या यादीत त्यांचे एकही नाव असू नये, ही स्थिती अनेक ठिकाणी आहे. ज्यांना निर्णयात स्थान नाही त्यांच्याकडून पुढच्या पिढीने सेवेची प्रेरणा घ्यावी तरी कशी?

विश्वस्तपदाची जागा रिकामी झाली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 अन्वये धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. बहुतेक वेळा तो कोणाच्या तरी मृत्यूनंतर दिला जातो. तोवर किल्ल्या, बँकेची कामे, शहरातील ओळखी, सारे त्या एका माणसापाशी असते आणि त्याच्याबरोबर जाते. पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येक विश्वस्ताने हयातीतच एक तरुण शेजारी बसवून एक वर्ष काम शिकवावे, असा ठराव करण्यास सुवर्णमहोत्सवासारखा दुसरा मुहूर्त नाही.

आणि त्याच सभेत एक नवी वही घालावी. नाव, काम, वार, वेळ, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या तारखेपर्यंत, इतकेच रकाने पुरेत. घोषणा न करता विश्वस्तांनी घरोघर जाऊन एकेकाला विचारावे. चातुर्मासाचे चार महिने, रविवारचे दोन तास, पाठशाळेची लहान मुले, असे नेमके मागावे. मुदत संपली की त्या माणसाला बोलावून अनुमोदना करावी आणि तो मोकळा झाला असे सांगावे. पुन्हा नाव लिहावयाचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे. येत्या चातुर्मास प्रवेशापूर्वी त्या वहीचे पहिले पान भरले जावे, एवढी विनंती करून हे विवेचन येथे पुरे करणे उचित होईल. जय जिनेंद्र.